पाच मिनिटे उकळलेला पेला

आमच्या आवारात अठरा खोल्या, एक सामाईक नळ आणि एकच वाफेचे यंत्र होते. यंत्र आबुंदियो फार्फान यांच्या छातीसाठी घेतलेले होते आणि ते त्यांच्या पत्नी हर्मेलिंदाबाई यांच्या ताब्यात असे. 'वाफेचे' हा शब्द लोकांचा. वस्तुतः त्यात काहीही तापत नाही. लहानसा पंप नळीतून हवा सोडतो, त्या हवेने पेल्यातल्या औषधाचे धुके होते आणि ते मुखवट्यातून छातीत उतरते. मी छत्तीस वर्षे रसायनशास्त्र शिकवले, म्हणून एवढी दुरुस्ती करतो. यापुढे मीही वाफच म्हणेन.

हर्मेलिंदा चाकाल्ताना यांनी लिमाजवळच्या काय्याओ बंदरातल्या एका इस्पितळात सत्तावीस वर्षे नोकरी केली, ती निर्जंतुकीकरणाच्या खोलीत. रुग्ण त्यांच्या वाट्याला कधी आला नाही. रुग्णाच्या शरीरात जाणाऱ्या वस्तू तेवढ्या आल्या. चिमटे, कात्र्या, नळ्या मळलेल्या अवस्थेत एका खिडकीतून आत यायच्या आणि स्वच्छ होऊन दुसऱ्या खिडकीतून बाहेर जायच्या. या दोन खिडक्यांमध्ये त्यांचे तारुण्य गेले. मळलेली वस्तू आणि स्वच्छ वस्तू एका टेबलावर ठेवायची नाही, हा नियम त्यांनी घरीही मोडला नाही. त्यामुळे त्यांच्या दहा बाय बाराच्या खोलीत दोन टेबले होती आणि पाहुण्याला बसायला जागा नव्हती.

आबुंदियो यांचे आयुष्य बंदराजवळ खनिज साठवायच्या अंगणात गेले. शिसे आणि जस्त यांची भुकटी फावड्याने ओढायची, ताडपत्री घालायची, ताडपत्री काढायची. साठीला पोहोचता पोहोचता त्यांची छाती गेली. दिवसातून चार वेळा वाफ घेतल्याशिवाय त्यांना नळापर्यंत चालता येत नसे. हर्मेलिंदाबाईंनी निवृत्तीच्या पैशातून पहिली वस्तू घेतली ती हे यंत्र, आणि इस्पितळातली शिस्त जशीच्या तशी त्याला लावली.

वाफ संपली की त्या आधी स्वतःचे हात धुवायच्या. मग पेला उघडून त्याचे तिन्ही भाग सुटे करायच्या: खालची वाटी, वरचे झाकण आणि आतला बोटाच्या पेराएवढा शंकू. हे भाग आणि मुखवटा साबणाच्या कोमट पाण्यात धुवायच्या. रोज संध्याकाळी पेल्याचे तिन्ही भाग त्याच कामासाठी राखलेल्या पातेल्यात, पाण्याला खळखळून उकळी फुटल्यावर, घड्याळ लावून पाच मिनिटे. मुखवटा कधीच उकळायचा नाही, तो वाकडा होतो. नळीत पाण्याचा थेंब जाऊ द्यायचा नाही. आत दव दिसले तर पेला न लावता पंप चालवून ती हवेनेच सुकवायची. पंपाची गाळणी राखाडी दिसली की ती बदलायची, धुवायची नाही. आणि पुसायचे तर काहीच नाही.

"फडकं म्हणजे काय, ठाऊक आहे का?" त्या विचारायच्या. "काल पुसलेलं सगळं आज परत लावायचं साधन."

आमच्याकडे जून ते ऑक्टोबर आकाश दिसत नाही. समुद्रावरून येणारी ओल भिंतीत मुरते आणि दोरीवरचा टॉवेल तीन दिवस तसाच राहतो. अशा हवेत पेला सुकवणे हे खरे कौशल्य होते. त्या तो झटकायच्या, इस्त्री केलेल्या पांढऱ्या कापडावर पालथा ठेवायच्या, वरून दुसरे तसेच कापड, आणि दर दोन तासांनी खालचे कापड बदलायच्या. आवारातले लोक हसायचे. त्यांच्याही आधी आबुंदियो हसायचे.

"आमच्याकडे रोज पेल्याचं सूप असतं," ते दारात बसून दम घेत घेत सांगायचे. "बायको मीठ तेवढं घालत नाही. बाकी पाककृती पक्की."

शेजारच्या खोलीत ओर्फेलिना तेयो राहत असे. ती पहाटे कोपऱ्यावर गाडी लावून पावात तळलेले रताळे विकायची. मोठ्या आवाजाची, मोकळ्या हाताची बाई. नवरा उत्तरेकडे गेला होता, तो तिकडचाच झाला. तिच्या मुलीला, मारिसिएलोला, बाप्तिस्म्याच्या वेळी हर्मेलिंदाबाईंनी हातात धरले होते. म्हणून त्या मुलीच्या धर्ममाता आणि या दोघी एकमेकींच्या कोमाद्रे. हे नाते आमच्यात रक्ताहून कडक. कोमाद्रेला 'अगं' म्हणत नाहीत आणि कोमाद्रेला 'नाही' म्हणत नाहीत.

मारिसिएलो सहा वर्षांची असताना तिलाही दम्याने धरले. मे महिन्यात तिला दोनदा इस्पितळात न्यावे लागले. डॉक्टरांनी सकाळी एक वाफ लिहून दिली. ओर्फेलिना यंत्र मागायला आली तेव्हा हर्मेलिंदाबाई आत गेल्या आणि एक नवी पिशवी घेऊन बाहेर आल्या. पिशवीत लहान मुलाचा मुखवटा आणि स्वतंत्र पेला होता. त्यावर न पुसणाऱ्या शाईने नाव लिहिलेले होते.

"यंत्र दोघांचं, कोमाद्रे," त्या म्हणाल्या. "पेला ज्याचा त्याचा. दात घासायचा ब्रश तुम्ही माझ्या नवऱ्याला द्याल का?"

"तुमच्या नवऱ्याला दात आहेत कुठे?" ओर्फेलिना म्हणाली, आणि आतून आबुंदियो खोकत खोकत हसले.

पुढचे अडीच महिने सुरळीत गेले. आबुंदियोंची सकाळची वाफ झाली की यंत्र शेजारी जायचे आणि दुपारपूर्वी परत यायचे. परत येताना ते एकटे कधी आले नाही. आमच्या आवारात उसनी नेलेली वस्तू रिकामी परत करणे हा उणेपणा समजतात. वाटी नेली तर वाटीत काहीतरी येते, परात नेली तर परातीत. यंत्राबरोबर कधी दोन पाव यायचे, कधी रताळ्याच्या चार चकत्या, कधी द्रोणभर जांभळी खीर. हर्मेलिंदाबाई हे सगळे मळलेल्या वस्तूंच्या टेबलावर उतरवून घ्यायच्या, आभार मानायच्या आणि हात धुवायला जायच्या.

ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी ओर्फेलिनाने मुलीचा पेला नळावर धुतला आणि पाणी फेकताना आतला शंकू मोरीत गेला. त्या एवढ्याशा तुकड्यावाचून औषधाचे धुके होत नाही, ते नुसते बुडबुडते. नवा पेला लिमातल्या दुकानात पुढच्या शुक्रवारी मिळणार होता. तोवर मुलीने काय करायचे? उरला एक पेला, आबुंदियोंचा.

हर्मेलिंदाबाईंनी तो दिला, पण एका अटीवर: जाताना उकळून जाईल आणि आला की पुन्हा उकळला जाईल. रविवारी ओर्फेलिना पेला धुऊन घेऊन आली आणि तिच्या डोळ्यांदेखत पातेले शेगडीवर चढले.

"माझ्यासमोर?" ती ओरडली. "कोमाद्रे, माझ्यासमोर उकळताय? माझे हात काय नासलेत? ह्या हातांचे पाव अख्खी गल्ली खाते!"

"पाव पोटात जातो. हे छातीत जातं. पोटाला आम्ल असतं, छातीला काही नसतं."

"मला शिकवू नका. मी पेला लेजियानं धुतलाय. वास घ्या, वास!"

लेजिया म्हणजे आमचे कपडे पांढरे करायचे क्लोरिनचे पाणी. आवारातली समजूत अशी की ज्याला त्याचा वास येतो ते स्वच्छ. हर्मेलिंदाबाईंनी वास घेतला आणि त्यांचा चेहरा पडला.

"वास येतोय म्हणजे ते नीट खंगाळलं गेलं नाही, कोमाद्रे. हाच वास उद्या पोरीच्या छातीत."

भांडण अंगणात आले. ऐकायला माणसे जमली. कोणी म्हणाले, ही हर्मेलिंदाबाई इस्पितळात मोरीवर होती आणि इथे डॉक्टर झाली. कोणी म्हणाले, प्लॅस्टिक उकळले की त्यातून विष सुटते, हे टीव्हीवर दाखवले होते. मी आवाराच्या समितीचा सचिव होतो. शांतता राखणे हे माझे काम होते, आणि मला ते येते असा माझा समज होता. त्याच संध्याकाळी मी सभा बोलावून ठराव लिहिला: 'ज्या घरी यंत्र वापरले जाईल त्या घराने ते धुवावे, आणि एका घरचे धुणे दुसऱ्या घराने मानून घ्यावे.' वाक्य मला समतोल वाटले.

"मानून घ्यावं म्हणजे काय?" हर्मेलिंदाबाईंनी विचारले.

"पुन्हा उकळू नये. शुक्रवारपर्यंतच."

"प्रोफेसर, जंतूंना वाचता येतं का?"

सगळे हसले. हशा ओसरल्यावर त्यांनी सही केली. त्यांच्या सहीची शेवटची रेघ सरळ असे. त्या दिवशीही सरळ होती.

सोमवारी आणि मंगळवारी त्यांनी ठराव मोडला. ओर्फेलिना गेली की दार लावून पेला उकळायच्या. हे त्यांनी मला नंतर सांगितले, चूक कबूल करावी तसे. बुधवार हा विम्याच्या औषधालयातून महिन्याचे औषध आणायचा दिवस होता. तिथली रांग सकाळी आठला धरली तर दुपारी एकला सुटते. जाताना त्यांनी आबुंदियोंना बजावले, "पेला आला तर टेबलावर राहू दे. मी आल्यावर बघते. तोवर दम धर."

"दम धरता आला असता तर हे यंत्र कशाला घेतलं असतं?" आबुंदियो म्हणाले. त्यांचे पत्नीशी झालेले हे शेवटचे विनोदी बोलणे.

ओर्फेलिना साडेअकराला आली. त्या दिवशी तिचे पाव सगळे विकले गेले होते आणि घरात द्यायला काही नव्हते. मात्र आदल्याच दिवशी तिने बाजारातल्या जडीबुटीवाल्याकडून निलगिरीच्या अर्काची बाटली घेतली होती, मुलीसाठीच. विकणाऱ्याने सांगितले होते की सात वर्षांच्या आत देऊ नये, जहाल आहे. मारिसिएलोला सात पूर्ण व्हायला दोन महिने होते. मग तिने तो अर्क कोंपाद्रेला, म्हणजे कोमाद्रेच्या नवऱ्याला, द्यायचे ठरवले. पेला स्वच्छ धुतला, तीन थेंब आत टाकले, झाकण फिरवले. रिकामा पेला परत कसा करायचा?

आबुंदियोंची छाती भरून आली होती. त्यांनी एकची वाट पाहिली नाही. पेल्यात औषध ओतले आणि मुखवटा लावला.

हर्मेलिंदाबाई परतल्या तेव्हा ते उंबऱ्यावर बसले होते. ओठ निळे, मान पुढे, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले. हर्मेलिंदाबाईंनी मला हाक मारली, टॅक्सी मागवायला सांगितली आणि ती येईपर्यंत खुर्चीवरचा पेला उजेडाकडे धरला. उरलेल्या औषधावर तेलाचा तवंग होता, रंगांची गोल वलये असलेला. शाळेत मी तो परातीतल्या पाण्यावर मुलांना दाखवत असे. पेला त्यांनी तसाच स्वच्छ पिशवीत बांधून बरोबर घेतला.

इस्पितळातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पिशवी उघडून वास घेतला. "तेल? ह्यात तेल कोणी घातलं?"

हर्मेलिंदाबाई म्हणाल्या, "घरी घातलं गेलं."

आबुंदियो नऊ दिवस जगले. आधी श्वासनळ्या आवळल्या, मग न्यूमोनिया झाला. केवळ तेलाने झाले असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या नाहीत. ती छाती आधीच गेलेली होती. त्या म्हणाल्या, "अशा छातीला धक्का पुरतो. पण यंत्रात तेल कधीच जाता कामा नये, धडधाकट माणसाच्यासुद्धा." प्रमाणपत्रावर जुनाट श्वसनविकार असे लिहिले गेले. तेही खोटे नव्हते.

दफनाआधीच्या रात्री शवपेटीजवळच्या जागरणाला सर्वांत जास्त राबली ती ओर्फेलिना. पन्नास माणसांची कॉफी तिने केली, खुर्च्या तिने आणल्या, रडलीही सर्वांहून मोठ्याने. आणि कॉफी वाटता वाटता तिने सर्वांना सांगितले, "मी तर बिचाऱ्याला शुद्ध निलगिरी घातली होती, तीन थेंब. तरी श्वास मोकळा झाला नाही. कसा होणार? वर्षभर रोज उकळलेलं प्लॅस्टिक ओढत होता. किती वेळा सांगितलं कोमाद्रेला!" माणसे माना हलवत होती. निलगिरी छाती मोकळी करते हे तर शेंबड्या पोरालाही ठाऊक. मग दोष उरला तो पातेल्याचा. शवपेटीपासून तीन पावलांवर बसलेल्या हर्मेलिंदाबाईंना हे सगळे ऐकू येत होते.

दफनानंतर आठ दिवसांनी मी त्यांच्याकडे गेलो. सभा बोलावतो, ठराव मागे घेतो, खरे काय ते सांगतो, असे म्हणालो.

"काय लिहाल इतिवृत्तात?" त्यांनी विचारले. "की माझ्या कोमाद्रेनं माझ्या नवऱ्याला प्रेमानं मारलं?"

"लोक तुम्हाला दोष देताहेत."

"देऊ देत. मला म्हातारीला काय, मी दोष घेऊन आणखी दहा वर्षं जगेन. तिला हे कळलं तर ती पोरीला सांभाळण्याच्या लायकीची राहणार नाही. पोरीला दुसरं कोण आहे?"

त्यांच्याकडे बसायला जागा नसल्याने मी उभाच होतो. तसाच परत आलो. ठराव वहीत आहे, माझ्या अक्षरात.

शुक्रवारी आणलेला नवा पेला मारिसिएलोला मिळाला होता. आता यंत्र दिवसभर मोकळे होते. तरी हर्मेलिंदाबाई ते शेजारी नेऊ देत नसत. मुलीने सकाळी त्यांच्याकडे यायचे, वाफ घ्यायची, पेला त्यांनी धुवायचा. गल्लीने त्यालाही नाव ठेवले: नवऱ्याचे यंत्र छातीशी धरून बसली आहे. ओर्फेलिना मात्र रोज मुलीला आणून सोडायची आणि न्यायला येताना काहीतरी घेऊन यायची. या रीतीने सप्टेंबर गेला.

नऊ ऑक्टोबरला मारिसिएलोला सात वर्षे पूर्ण झाली. ओर्फेलिना दुपारी आली, केसांना फीत बांधून, आनंदात. मी नळावर बादली भरत होतो. तिच्या एका हातात केकचा तुकडा होता आणि दुसऱ्या हातात ती बाटली.

"आजपासून चालतं, कोमाद्रे! सात झाली. उद्याच्या वाफेत दोनच थेंब. कोंपाद्रेला तीन घातले होते, ही लहान आहे."

हर्मेलिंदाबाई दोरीवरची कापडे काढत होत्या. त्यांनी ती घडी करून खांद्यावर ठेवली.

"ती बाटली मला द्या."

"देते ना. पण हात राखून वापरा, महाग आहे."

"कोमाद्रे, बसा."

"बसायला तुमच्याकडे जागा कुठे असते?" ओर्फेलिना हसली. हर्मेलिंदाबाई हसल्या नाहीत, तेव्हा ती थांबली. "काय झालं?"

"आबुंदियोच्या पेल्यावर तेल तरंगत होतं. मी ते इस्पितळात नेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी वास घेतला. वाफेच्या यंत्रात तेल जात नाही, कोमाद्रे. छातीत ते विरघळत नाही, आत बसतं, नळ्या आवळतं. त्याची छाती गेलेली होतीच. पण त्या दुपारी ती तेलानं आवळली."

ओर्फेलिनाच्या हातातला केक कलला. "म्हणजे मी मारलं?"

"तुम्ही प्रेमानं घातलंत."

"मी मारलं का, ते सांगा!"

"तेलानं मारलं. तेल तुम्ही घातलंत. मला दुसऱ्या तऱ्हेनं सांगता येत नाही. सांगणारही नव्हते. पण तुम्ही उद्या पोरीला घालणार आहात."

ओर्फेलिनाचा आवाज अंगणभर गेला. "दोन महिने! दोन महिने माझ्या हातचं खाल्लंत, माझ्या पोरीच्या केसांवरून हात फिरवलात आणि मनात हे? पातेलं उकळून उकळून नवऱ्याला घालवलंत तुम्ही आणि आता माझ्या माथी? जळकी म्हातारी! पोर झालं नाही म्हणून माझं पोर हवंय तुला!"

आयुष्यात पहिल्यांदा ती कोमाद्रेला 'तुला' म्हणाली. केक नळाखालच्या दगडावर पडला. बाटली मात्र तिने दिली नाही; ती तिथेच दगडावर आपटून फोडली, आणि अख्खे अंगण निलगिरीच्या वासाने भरले. तो वास त्या ओल्या हवेत चार दिवस हलला नाही.

तेव्हापासून ती मारिसिएलोला रोज सकाळी बसने इस्पितळात वाफेला नेते. जाण्यायेण्यात दोन तास जातात. पावाची गाडी उशिरा लागते आणि गिऱ्हाईक तुटले आहे. आवारात तिची बाजू घेणारे बारा, हर्मेलिंदाबाईंची घेणारा एक, आणि तोही त्या ठरावाचा लेखक. ओर्फेलिनाने पुन्हा घरी तेल आणले नाही, एवढे मी जडीबुटीवाल्याला विचारून खात्री करून घेतले आहे. तिने त्याची टोपली उलथवली होती, असेही तो म्हणाला.

हर्मेलिंदाबाईंना हे सांगितले तेव्हा त्यांनी मान हलवली. सकाळी सातला त्या दारात उभ्या राहतात. मायलेकी समोरून जातात. आईने शिकवल्याप्रमाणे मारिसिएलो तोंड भिंतीकडे फिरवते, म्हणून तिचा चेहरा त्यांना दिसत नाही; पाठ दिसते. त्या पाठमोऱ्या मुलीच्या खांद्यांकडे पाहतात. श्वास घेताना खांदे वर उचलले जात नसतील तर छाती मोकळी आहे. फाटकापर्यंत त्या पाहतात, आणि मग आत जाऊन हात धुतात.